मध्य सोडून बसलेले चाक

बुरोंडी हे रत्‍नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. उत्तरेस लाडघर, कर्दे, मुरूड आणि हर्णै. दक्षिणेस कोळथरे आणि वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णैस थांबून दाभोळकडे वळली, म्हणजे तिला या किनाऱ्यासमोरूनच जावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शेफर्ड कंपनीच्या आणि पुढे बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीच्या बोटी या वाटेने जात. पावसाळ्याचे महिने सोडले, तर कोकणच्या माणसाचे मुंबईस जाणे-येणे याच वाटेने होई. ‘बोट लागली’ या दोन शब्दांचे दोन अर्थ कोकणात लहान मुलासही कळत.

हर्णैस बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात बसून तिच्याकडे जात. पडावात बायका, मुले, आंब्याच्या करंड्या, म्हातारी माणसे. एवढी मोठी बोट, तिच्या पोटातील इंजिन, तिच्या मागच्या अंगाला फिरणारा पंखा, आणि पुढ्यात माणसांनी भरलेला पडाव! अशा वेळी बोट नेमकी थांबली पाहिजे, आणि वेगाने पुढे सरकत असेल तर इंजिन उलटे फिरवून तिला आवरता आले पाहिजे. घोड्याला लगाम असतो, बैलाला वेसण असते. वाफेच्या इंजिनाला काय असते?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे लोखंडाची एक साधी चकती आहे. तिला कारखान्यातील माणसे एक्सेंट्रिक म्हणतात. आम्ही तिला विकेंद्र चाक म्हणणार आहोत. आजच्या व्याख्यानात या चाकाचा इतिहास सांगावयाचा आहे. आणि तो सांगता सांगता, हे चाक इतकी वर्षे आमच्या दारावरून जात असता ते आम्ही आपलेसे का केले नाही, याचाही थोडा विचार करावयाचा आहे.

आधी ते चाक समजून घेऊ. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. घरातील जात्यापाशी बसले की पुरे. जात्याच्या वरच्या तळीचा खुंटा मध्यावर नसतो, कडेला असतो. मध्यावर खुंटा रोवून कितीही जोर केला तरी जाते फिरणार नाही, हे दळणाऱ्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. आता अशी कल्पना करा की जाते दुसऱ्याच कोणत्या तरी शक्तीने फिरत आहे, आणि त्या खुंट्यात एक लांब काठी भोक पाडून अडकवली आहे. काठीचे दुसरे टोक एका सरळ खाचेत ठेवले, तर जाते गोल फिरेल आणि काठीचे ते टोक पुढे-मागे, पुढे-मागे सरकत राहील. गोल गतीची सरळ गती झाली. यंत्रशास्त्रात या रचनेस क्रँक म्हणतात.

आता कल्पना आणखी एक पाऊल पुढे न्या. तो खुंटा हळूहळू जाड होत चालला आहे. वीतभर झाला, हातभर झाला, आणि शेवटी इतका जाड झाला की जात्याची मधली खीळसुद्धा त्याच्या पोटात आली. आता खुंटा म्हणजेच एक चकती झाली. मात्र ती ज्या खिळीभोवती फिरते ती खीळ तिच्या मध्यावर नाही, एका बाजूस आहे. हेच विकेंद्र चाक. काठीच्या टोकाच्या भोकाचे आता मोठे कडे झाले आणि ते चकतीला बाहेरून वेढून बसले. चकती कड्याच्या आत घसरत फिरते, आणि काठी पूर्वीप्रमाणेच पुढे-मागे सरकते. जाड खुंट्याची ही युक्ती आमची नव्हे. फ्रान्स रूलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात क्रँक आणि विकेंद्र चाक हे मुळात एकच, हे अशाच रीतीने दाखविले. जाते तेवढे आमचे.

मग एकच असेल, तर दोन हवेत कशाला? याचे उत्तर थोड्या आकड्यांनी देऊ. समजा, इंजिनाचा मुख्य शाफ्ट सहा इंच जाडीचा आहे आणि आपणांस एक झडप चार इंच पुढे-मागे सरकवायची आहे. म्हणजे खुंटा मध्यापासून दोन इंचांवर हवा. पण शाफ्टाची त्रिज्याच तीन इंच! दोन इंचांवरचा खुंटा शाफ्टाच्या अंगातच बुडाला. क्रँक करावयाची तर शाफ्ट तेथे तोडावा लागेल, आणि जो शाफ्ट सगळ्या बोटीचा भार ओढतो तो मध्येच तोडणे शहाणपणाचे नव्हे. विकेंद्र चाकाला ही अडचण नाही. बारा इंच व्यासाची चकती घ्या, तिच्या मध्यापासून दोन इंचांवर शाफ्टाएवढे भोक पाडा, आणि ती अखंड शाफ्टावर हव्या त्या जागी पाचर ठोकून बसवा. कडे दोन अर्धुकांचे करून बोल्टांनी आवळा. काम झाले.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. बारा इंचांची चकती मिनिटाला नव्वद फेरे घेऊ लागली, की तिची कड मिनिटास सुमारे दोनशे ऐंशी फूट वेगाने कड्यावर घासते. घर्षण आले, उष्णता आली. म्हणून विकेंद्र चाकाला सतत तेल लागते. आणि म्हणूनच त्याला झडप हलविण्यासारखे हलके किंवा आखूड अंतराचे काम देतात. लांब अंतराचे काम क्रँकचे. चाक फिरवून दांडा हलविणे सोपे. दांडा ढकलून चाक फिरवू गेले तर पुष्कळसा जोर घासण्यातच जातो.

आता इतिहासाकडे वळू. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरात वाफ एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने सोडावी लागते. ती सोडणार कोण? न्यूकोमेन याचे इंजिन १७१२ साली इंग्लंडात खाणीतील पाणी उपसू लागले. त्याच्या झडपा उघडझाप करण्यास एक पोरगा ठेवलेला असे, आणि त्याने कंटाळून झडपांना दोऱ्या बांधून त्या इंजिनाकडूनच ओढविल्या, अशी एक कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील गरज खरी आहे. यंत्राने आपला श्वासोच्छ्वास आपणच सांभाळला पाहिजे.

जेम्स वॅटला इंजिनाकडून चाक फिरवून घ्यावयाचे होते, तेव्हा क्रँक त्याला मोकळी राहिली नव्हती. तिचे पेटंट १७८० साली जेम्स पिकार्डने घेऊन ठेवले होते. तेव्हा वॅटने दातेरी चाकाभोवती दुसरे दातेरी चाक फिरविण्याची अवघड रचना वापरली. ही रचना सुचविण्यात त्याचा कसबी सहायक विल्यम मर्डोक याचा हात होता असे मानतात. पुढे १७९९ साली याच मर्डोकने सरकत्या झडपेचे पेटंट घेतले, आणि झडप विकेंद्र चाकाने हलविण्याच्या पद्धतीशीही त्याचेच नाव जोडले जाते. झडप दोऱ्यांतून सुटली आणि शाफ्टाशी जोडली गेली. इंजिन जितक्या वेगाने फिरेल तितक्या वेगाने झडप हलेल. कोणी पाहावयास नको.

पण यातून नवी अडचण निघाली, आणि हर्णैच्या पडावाशी तिचा थेट संबंध आहे. दट्ट्या सिलिंडराच्या टोकाशी पोहोचतो न पोहोचतो तोच झडप उघडलेली पाहिजे. त्यासाठी विकेंद्र चाक क्रँकच्या पाव फेरा आणि वर थोडे अधिक असे पुढे बसवावे लागते. परंतु ‘पुढे’ म्हणजे कोणत्या दिशेने? इंजिन उजवीकडे फिरवावयाचे असेल तर एका अंगाला, डावीकडे फिरवावयाचे असेल तर दुसऱ्या अंगाला. एक चाक एकाच दिशेचे ताबेदार. तेव्हा दोन चाके बसवावी लागली: एक पुढे जाण्याचे, एक मागे येण्याचे. चालत्या इंजिनात एकाचा ताबा काढून दुसऱ्याकडे कसा द्यावयाचा, हा प्रश्न उरला.

तो १८४२ साली सुटला. न्यूकॅसल येथील रॉबर्ट स्टीफनसन यांच्या कारखान्यात दोन्ही चाकांचे दांडे एका वाकड्या खाचपट्टीच्या दोन टोकांना जोडण्यात आले. खाचेत एक ठोकळा, आणि ठोकळ्याला झडपेचा दांडा. पट्टी एकीकडे सरकवली की ठोकळा पहिल्या चाकाच्या हुकमात येतो आणि इंजिन पुढे चालते. दुसरीकडे सरकवली की दुसऱ्या चाकाच्या हुकमात येतो आणि इंजिन उलटे फिरते. ठोकळा अगदी मध्यावर ठेवला तर झडप जेमतेम हलते आणि इंजिन थांबते. मधल्या जागांवर ठेवून वाफ बेताने वापरता येते, म्हणजे कोळसाही वाचतो. एक तरफ ओढावयाची, इतकेच काम.

या रचनेस जगभर ‘स्टीफनसन लिंक’ म्हणतात. वास्तविक ती स्टीफनसनची नव्हे. ती त्याच्या कारखान्यातील विल्यम विल्यम्स आणि विल्यम हाऊ या दोन नोकरांच्या डोक्यातून निघाली. पहिला नकाशे काढणारा, दुसरा साचे करणारा. नाव मालकाचे राहिले. आम्ही हे इंग्रजांस नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. आमच्याकडे तर साचे करणाराचे नाव कागदावर येण्याची सोयच नव्हती.

ज्या बोटींच्या इंजिनांवर ही जोडणी असे, त्यांत प्रत्येक सिलिंडरास अशी दोन चाके लागत. तीन सिलिंडरांच्या इंजिनास सहा. वरून घंटा झाली की खाली इंजिनाच्या खोलीत तरफ फिरे, सहांपैकी तीन चाकांचा ताबा जाई आणि तीन चाकांचा येई. पडावातील आई मुलाला पोटाशी धरून वर पाहत असे, तेव्हा तिचा जीव या लोखंडी चकत्यांच्या हवाली असे. तिला त्यांचे नाव ठाऊक नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. परंतु ज्यांना कारण होते, त्यांना तरी कोणी सांगितले होते काय?

येथे एक आश्चर्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मध्य सोडून बसलेल्या वर्तुळाचे गणित आमच्या भूमीस नवे नव्हते. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटाच्या ग्रंथात ग्रह ज्या वर्तुळात फिरतात त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही, असे म्हणून त्या वर्तुळास प्रतिमंडल हे नाव दिले आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यास प्रतिवृत्त म्हटले. शिवाय प्रतिवृत्ताने काढलेले उत्तर आणि लहान वर्तुळ मोठ्या वर्तुळावर फिरवून काढलेले उत्तर एकच येते, हेही दाखविले. जात्याचा खुंटा आणि जाडजूड चकती एकच, हे रूलोचे म्हणणे आणि भास्कराचार्यांचे हे म्हणणे एकमेकांपासून फार दूर नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

एवढ्यावरून आमच्या पूर्वजांस आगबोट ठाऊक होती, असे म्हणणारे गृहस्थ निघतील. त्यांना आमचा नमस्कार. ग्रीकांसही हे गणित ठाऊक होते आणि त्यांनीही आगबोट केली नाही. आकाशातील वर्तुळ कागदावर काढणे एक, आणि लोखंडात कापून शाफ्टावर बसविणे अगदी दुसरे. आमचा मुद्दा निराळा आहे. गणित एका घरी राहिले, हात दुसऱ्या घरी राहिले, आणि दोघांची घरे शेजारी असूनही गाठ पडली नाही.

शेजारी म्हणजे किती शेजारी? बुरोंडीहून उत्तरेस किनाऱ्याने थोडे गेले की मुरूड लागते. भारतीय ज्योतिषाचा इतिहास मराठीत लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ साली या मुरुडात जन्मले. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली, त्याच वर्षी. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. आर्यभट आणि भास्कराचार्य यांच्या ग्रंथांची मराठी वाचकाला त्यात ओळख होते. त्याच वर्षांत या किनाऱ्यासमोरून जाणाऱ्या बोटींत आगवाले कोळसा घालीत होते आणि तेलवाले फिरत्या चाकांना तेल देत होते. ग्रंथ मराठी होता आणि तेलवाल्याची भाषाही मराठी किंवा कोकणी मुसलमानांची बोली होती. तरी ग्रंथातील प्रतिवृत्त इंजिनाच्या खोलीत उतरले नाही, आणि तेलवाल्याचा अनुभव कोणत्याही ग्रंथात चढला नाही.

हे अटळ होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली एक इंजिनियरी शिक्षणसंस्था निघाली होती. तेथे देशी मुलांस त्यांच्या भाषेत शिकवीत, आणि त्यासाठी जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साह्याने गणिताची मराठी पुस्तके तयार करविली. म्हणजे वाफेचे इंजिन या किनाऱ्यावर रुळण्याच्या आधीच मराठीत इंजिनियरी शिकविण्याची सुरुवात झाली होती. ती संस्था टिकली नाही. पुढे १८४० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिक्षणमंडळात जर्व्हिस आणि अर्स्किन पेरी यांचा मोठा वाद झाला. जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचा, पेरी इंग्रजीच्या बाजूचा. वरच्या शिक्षणात इंग्रजीची सरशी झाली. इंग्रजीने आम्हांस पुष्कळ दिले, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण जो इंग्रजी शिकला तो तेलाची बुधली हाती घेईना, आणि बुधली ज्याच्या हाती होती त्याला पुस्तक उघडता येईना, हाही त्याचाच परिणाम.

बुद्धीची वाण होती असेही नव्हे. मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्याचे अर्देशर करसेटजी यांनी १८३३ साली ‘इंडस’ नावाची लहान बोट बांधून तिच्यावर वाफेचे इंजिन चढविले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. लहानपणापासून गोदीत वाढलेल्या माणसाच्या हाती पुस्तक आले म्हणजे काय होते, ते या उदाहरणाने दिसते. पण असे उदाहरण एखादेच राहिले.

पुढे १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ साली ती चालू झाली, आणि मागून गिरण्यांची रांग लागली. आरंभीचे इंजिनियर आणि देखरेख करणारे लोक लँकेशरहून आले; हात कोकणातून आले. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्‍नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. बोटीतून उतरलेला माणूस गिरणीत शिरला, तर तेथेही वाफेचे इंजिन आणि तेथेही विकेंद्र चाक. गावी बोटीवर पाहिलेले चाक त्याला परळात पुन्हा भेटले. पण ते तसे का बसविले आहे, हे सांगणारा माणूस बहुधा दोन्ही ठिकाणी परक्या भाषेत बोलत होता.

म्हणून त्या माणसाला काही कळत नव्हते असे समजणे मात्र मोठी चूक होईल. तेलवाला फिरत्या कड्यावर हाताचा पंजा अलगद टेकवून त्याची ऊब पाही. कडे किती आवळले म्हणजे तापते, किती ढिले ठेवले म्हणजे ठोका देऊ लागते, कोणता आवाज दुर्लक्ष करण्याजोगा आणि कोणता धोक्याचा, हे त्याला हाताने आणि कानाने कळे. रूलोच्या ग्रंथात हे ज्ञान नाही. ते तेलवाल्याबरोबर आले आणि त्याच्याबरोबरच गेले.

हात आणि पुस्तक यांची गाठ पडल्यावर काय घडते, याचे मराठी मुलखातले मोठे उदाहरण म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. चित्रकला शिकावयास ते मुंबईस आले, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगकाम सोडले आणि यंत्रांचे नकाशे काढावयास शिकले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तेच शिकविले. यंत्राचा नकाशा ज्याला वाचता येतो त्याला यंत्राचे ‘का’ कळते. तेथून ते बेळगावास गेले. कडबा कापण्याची यंत्रे झाली, लोखंडी नांगर झाला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० साली तेथून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या मासिकाने कारखान्याची हकीकत मराठी घरात नेली.

वाफेच्या बोटी आता गेल्या. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, रस्ते झाले, आणि आगबोट हा शब्द आजोबांच्या गोष्टींत उरला. बुरोंडीच्या मच्छीमार होड्यांवर डिझेल इंजिने आहेत. त्यांना मागे येण्यासाठी दोन चाकांची ती जोडी लागत नाही, गिअर टाकला की पंखा उलटा फिरतो. पण विकेंद्र चाक संपले असे मात्र नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडण्याचे मशीन पाहा. त्याचा जबडा मिटतो-उघडतो तो विकेंद्र शाफ्टाने. अमेरिकेतील एली व्हिटनी ब्लेक याने दगड फोडण्याच्या जबड्याचे पेटंट १८५८ साली घेतले, तेव्हापासून ही जात चालू आहे. भातगिरणीतील चाळण हलते तेथे, कारखान्यात पत्रा कापणारा प्रेस दणका देतो तेथे, पुष्कळदा हेच चाक आत बसलेले असते. अंतर आखूड, जोर मोठा. दोनशे वर्षांत त्याचे काम बदललेले नाही.

तेव्हा आमची विनंती लहानशी आहे. खडीच्या मशीनवर, भातगिरणीत, होडीच्या इंजिनावर आज काम करणारी माणसे आपल्या गावात आहेत. बोटीवर आणि गिरणीत आयुष्य काढून परतलेली काही वृद्ध माणसेही अजून ओटीवर बसलेली दिसतात. त्यांच्याजवळ यंत्राच्या एकेका भागाचे शब्द आहेत, ठोक्याच्या आणि उबेच्या खुणा आहेत. गावच्या शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलांनी वही घेऊन त्यांच्यापुढे बसावे आणि ते शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. त्याच मुलांना गुरुजींनी जात्याचा खुंटा दाखवून प्रतिवृत्त आणि क्रँक ही एका वेळी शिकवावी. यास खर्च नाही. मुरूडचा ग्रंथ आणि बुरोंडीचा हात यांच्यामध्ये एवढ्याशा किनाऱ्याचे अंतर आहे, आणि ते आमच्याच्याने अजून चालून झालेले नाही.